विश्लेषण : ‘तापास’ म्हणजे नेमकं काय? ऑर्डर, व्हेज-नॉनव्हेज आणि बिलाचं गणित टेबलावर बसण्याआधी समजून घ्या

राहाता, शिर्डी, लोणी या पट्ट्यातल्या अनेक घरांतली मुलं आज पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. बढती मिळाली, आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आला किंवा पाहुण्यांना ‘जरा वेगळं’ खाऊ घालायचं ठरलं, की मोबाइलवर रेस्टॉरंट शोधलं जातं आणि अख्खं कुटुंब तिथे जाऊन बसतं. अशा ठिकाणांच्या यादीत ‘स्पॅनिश तापास’ हे नाव आता दिसू लागलं आहे. मुंबईत वांद्र्याला शेफ मानुएल ओल्वेइरा यांचं ‘ला लोका मारिया’ आहे. त्याआधी जुहूच्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये स्पॅनिश शेफ सर्जी आरोला यांच्या नावाचं तापास रेस्टॉरंट होतं. स्पॅनिश नसलेल्या कॅफे-बारच्या मेन्यूतही ‘तापास’ असा वेगळा रकाना असतो.

अडचण टेबलावर बसल्यानंतर सुरू होते. नावं वाचता येत नाहीत. काही शे रुपयांच्या बशीत बटाट्याच्या मोजक्या फोडी येतात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आईने ‘व्हेज आहे ना?’ असं विचारलं, तर छातीठोकपणे उत्तर देता येत नाही. शेवटी येणाऱ्या बिलात तीन-चार ओळी अशा असतात, ज्यांचा अर्थ विचारायला संकोच वाटतो. शाकाहार, गुरुवारचा उपवास आणि खिशातले पैसे, या तिन्ही गोष्टी इथे पणाला लागतात. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊ.

‘तापास’ हा पदार्थ आहे का?

नाही. तापास ही खाण्याची पद्धत आहे. (आणि हो, पोलिसांच्या ‘तपासा’शी तिचा काही संबंध नाही.) स्पॅनिश भाषेत ‘तापा’ म्हणजे झाकण. ‘तापास’ हे त्याचं अनेकवचन. पेयासोबत दिला जाणारा छोटा खाद्यपदार्थ, मग तो ऑलिव्ह असो, बटाटा असो, मासा असो की मांस, तो तापा.

झाकणाचा आणि खाण्याचा संबंध कसा जुळला, याच्या अनेक आख्यायिका आहेत. त्यातली सर्वांत लाडकी कथा राजा तेरावा आल्फोन्सो याची. कादिझ या किनारपट्टीवरच्या शहरात तो एका खानावळीत थांबला. वारा सुटला होता. ग्लासात वाळू जाऊ नये म्हणून वाढप्याने त्यावर मांसाची चकती झाकली. राजाने ती खाल्ली आणि ‘अजून एक द्या, झाकणासकट’ असं सांगितलं. ही गोष्ट इतिहास म्हणून नव्हे, तर सांगोवांगी म्हणूनच ऐकायची. ग्लासावर पावाचा किंवा मांसाचा तुकडा ठेवून माश्या-धूळ अडवण्याच्या सवयीतून हे नाव आलं, असं मात्र सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मग हा आपला ‘चखणा’च झाला की?

काही अंशी. दोन्ही पेयासोबत येतात, दोन्ही मधोमध ठेवून सगळे मिळून खातात. फरक असा की चखण्यानंतर जेवण असतं. स्पेनमध्ये मात्र तापासवरच संध्याकाळ निघते. माणसं एका बारमध्ये एक-दोन गोष्टी खातात, उभ्याने गप्पा मारतात आणि पुढच्या बारमध्ये जातात. तिथे रात्रीचं जेवणही नऊ-दहाच्या सुमारास होतं, त्यामुळे मधल्या वेळेला ही सवय सोयीची पडते.

प्रांतागणिक पद्धत बदलते. दक्षिणेकडच्या ग्रानादा शहरात पेय मागवलं की तापा फुकट येण्याची प्रथा आजही टिकून आहे. उत्तरेकडच्या बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून त्यात काडी खोचतात. त्याला ‘पिंचो’ म्हणतात. काही बारमध्ये शेवटी ताटलीतल्या काड्या मोजून बिल केलं जातं.

आपल्याकडच्या थाळीशी याची तुलना केली की घोळ लगेच लक्षात येतो. थाळीत एका माणसाचं पूर्ण जेवण एका ताटात येतं आणि किंमत आधी ठरलेली असते. तापासमध्ये प्रत्येक बशी टेबलाची असते, एका माणसाची नसते. पोट कधी भरलं, ते आपणच ठरवायचं. त्यामुळे ‘प्रत्येकी एक प्लेट’ मागवली तर उपाशी उठावं लागतं. भुकेच्या भरात सगळं एकदम मागवलं, तर बिल हाताबाहेर जातं.

किती प्लेट मागवायच्या?

साधा हिशेब असा : माणशी दोन ते तीन छोट्या प्लेट. चार जणांचं कुटुंब असेल तर आठ ते बारा. पण सगळ्या एकदम मागवू नका. आधी पाच सांगा, त्या संपत आल्या की पुढच्या. तापासची मूळ पद्धतही हीच आहे, त्यामुळे वाढपी काय म्हणेल ही चिंता नको.

मेन्यूत कधी कधी तीन आकार दिलेले असतात. ‘तापा’ म्हणजे सर्वांत लहान, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे साधारण हाफ प्लेट आणि ‘रासिओन’ म्हणजे फुल प्लेट. आकार लिहिलेला नसेल तर थेट विचारा : ‘एका प्लेटमध्ये किती नग येतात?’ तीन नग आले आणि खाणारे चार असले, की दुसरी प्लेट मागवावीच लागते. आणखी एक सूचना : तापासमध्ये पाव बहुधा लागतोच. तो पदार्थासोबत येतो की त्याचे वेगळे पैसे आहेत, हेही आधीच विचारून घ्या.

मेन्यूवरची नावं : आपल्या भाषेत

नावं परकी असली तरी बरेच पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातल्या कशाशी तरी जुळतात.

• पतातास ब्रावास : तळलेल्या बटाट्याच्या फोडी, वरून तिखट लालसर सॉस. सोबत बऱ्याचदा लसणाचं पांढरं ‘आलिओली’ असतं, त्यात अंडं असू शकतं.

• तोर्तिया एस्पान्योला : बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट, बहुतेकदा कांद्यासह. मेक्सिकन पोळीशी याचा संबंध नाही. अंडं न खाणाऱ्यांनी टाळायचं.

• पान कोन तोमाते : भाजलेल्या पावावर टोमॅटोचा गर, ऑलिव्ह तेल आणि मीठ. शाकाहाऱ्यांसाठी सर्वांत निर्धोक, फक्त वर मांसाची चकती नको असं सांगा.

• क्रोकेतास : बाहेरून कटलेटसारखं कुरकुरीत, आत घट्ट व्हाइट सॉस. सारणात बहुधा डुकराचं मांस किंवा मासा असतो. मशरूमचे किंवा पालकाचेही मिळतात.

• एस्पिनाकास कोन गार्बान्सोस : पालक आणि काबुली चणे, जिरं-लसूण घालून. सेव्हिल शहराची ही खासियत. आपल्या पालेभाजीच्या जवळची चव.

• बेरेन्खेनास कोन मिएल : तळलेले वांग्याचे काप आणि त्यावर ‘मिएल दे कान्या’, म्हणजे उसाचा आटवलेला रस. थोडक्यात, वांग्याचे काप आणि काकवी! ऊसपट्ट्यातल्या माणसाला ही चव सांगावी लागणार नाही.

• पिमिएन्तोस दे पाद्रोन : तेलात परतलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ. बहुतेक गोडसर, एखादीच झणझणीत. कुठली निघेल हे खाल्ल्यावरच कळतं.

• गास्पाचो : टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण यांचं थंडगार सूप. गरम करून मागू नका, ते थंडच असतं. त्याचाच दाट भाऊबंद ‘साल्मोरेखो’, त्यावर मात्र उकडलेलं अंडं आणि मांस भुरभुरलेलं असतं.

• गाम्बास आल आखीयो : भरपूर लसूण आणि तेलातली कोळंबी.

• हामोन : डुकराची मांडी मिठात मुरवून महिनोन्‌महिने, काही प्रकारांत तर वर्षानुवर्षं, हवेवर सुकवतात. तिचे कागदासारखे पातळ काप देतात. न शिजवलेलं, पण मुरवलेलं मांस.

• चोरिसो : लाल मिरचीची पूड घातलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. गोव्याचं ‘शोरिस’ हे याच कुळातलं, तिथे ते पोर्तुगीजांमुळे आलं.

बटाटा, मिरची, पेरू : स्पेन आणि राहाता एकाच वळणावर

चवी ओळखीच्या वाटण्यामागे इतिहास आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि पेरू यांतलं काहीच मूळचं स्पेनचं नाही आणि महाराष्ट्राचंही नाही. ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतर ती स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांतून जगभर गेली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्या वाटेने ही पिकं आपल्याकडे रुजली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दच मराठीत पोर्तुगीजमधून आलेले आहेत. वडापावमधला बटाटा आणि ‘पतातास ब्रावास’मधला बटाटा हे दूरचे नातेवाईकच म्हणायचे.

राहात्याची ओळख असलेला पेरूही याच प्रवासातला. तापास मेन्यूत ‘मान्चेगो’ नावाच्या मेंढीच्या दुधाच्या चीजसोबत ‘मेंब्रियो’ नावाची लाल, घट्ट वडी येते. क्विन्स नावाचं फळ साखरेत आटवून ती करतात. पोर्तुगीजही तशीच वडी करत. हे फळ जिथे मिळत नव्हतं तिथे त्यांनी पेरू वापरला. गोव्यात नाताळात होणारी ‘पेराद’ म्हणजे पेरूची वडी याच परंपरेतली. राहात्याच्या बागेतला पेरू आटवून केलेली वडी आणि खारट चीजचा तुकडा एकत्र खाऊन पाहा. तापासच्या एका बशीचा अंदाज घरबसल्या येईल.

‘व्हेज’ म्हटलं की व्हेज मिळेल का?

इथेच सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. स्पॅनिश स्वयंपाकात मांस किंवा मासा अनेकदा मुख्य पदार्थ म्हणून येत नाही. तो मिठासारखा चवीपुरता येतो. त्यामुळे नावात दिसत नाही, पण बशीत असतो.

लपलेल्या जागा अशा :

• रस्सा आणि भात : ‘पाएया’ हा भात भाज्यांचा असला तरी तो माशाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो.

• ऑलिव्ह : काही हिरव्या ऑलिव्हच्या पोटात अँचोव्ही मासा भरलेला असतो.

• भाज्या : मटार, पालक, बीन्स परतताना हामोनचे बारीक तुकडे टाकण्याची पद्धत आहे.

• सॉस : आलिओली आणि मेयोनेज यांत अंडं असू शकतं.

• चीज : मान्चेगोसारखी पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विकरानं, म्हणजे रेनेटनं, विरजलेली असू शकतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे जरूर विचारावं.

• वाइन : मशरूम शेरीत शिजवणं नेहमीचं. सांग्रिया हे फळांचं सरबत दिसलं तरी त्यात वाइन असते.

• गोड : ‘फ्लान’ आणि ‘क्रेमा कातालाना’ या दोन्हींत अंडं असतं. ‘चुर्रोस’ मूळ पद्धतीत मैदा, पाणी आणि मीठ एवढ्यावर होतात. पण अनेक ठिकाणी पिठात अंडं घालतात.

म्हणून ‘व्हेज आहे का?’ असा एकच प्रश्न पुरेसा नाही. तो तोडून विचारा : मांस, मासा, अंडं, वाइन यांतलं काही आहे का? पाणी कशाचं आहे? तळण्याचं तेल वेगळं आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण क्रोकेतास आणि बटाटे एकाच कढईत तळले जाऊ शकतात. वाढप्याला खात्री नसेल तर त्याने आत जाऊन शेफला विचारून यावं, असं सांगायला अजिबात हरकत नाही.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या व्याख्येत अंडं मांसाहारात मोडतं. दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारात. हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ म्हणजे शाकाहार, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहार.

लेबलिंग व डिस्प्लेच्या २०२० च्या नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी द्यायच्या आहेत. अॅलर्जी करणारे घटक आणि व्हेज-नॉनव्हेज चिन्ह यांची माहितीही ग्राहकाला मिळायला हवी. १ जुलै २०२२ पासून ही अंमलबजावणी सुरू झाली. एकच शाखा असलेल्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये हे सगळं छापलेलं असेलच असं नाही. तिथे तोंडी विचारणं हाच उपाय.

‘व्हेज’ सांगून मांसाहार वाढला गेला, तर ती ग्राहक कायद्यानुसार सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. अशा वेळी भांडणापेक्षा पुरावा कामाला येतो. पदार्थाचा फोटो काढा, बिल जपून ठेवा, मॅनेजरला तिथेच सांगा आणि शक्य असेल तर त्याचं उत्तर लेखी, निदान मेसेजवर तरी घ्या.

बिलातली कुठली ओळ भरायची, कुठली नाही?

समजा, चार जणांनी सरासरी ४५० रुपयांच्या दहा प्लेट मागवल्या. खाण्याचे झाले ४,५०० रुपये. (हे आकडे फक्त उदाहरणादाखल.) त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ४५० रुपये वाढले, बेरीज ४,९५०. आता या बेरजेवर ५ टक्के जीएसटी लावला तर २४७ रुपये ५० पैसे. एकूण ५,१९७ रुपये ५० पैसे. सर्व्हिस चार्ज नसता तर? ४,५०० अधिक २२५ रुपये जीएसटी, म्हणजे ४,७२५. फरक ४७२ रुपये ५० पैशांचा. त्यात साडेबावीस रुपये म्हणजे नुसता सर्व्हिस चार्जवरचा कर.

आता एकेक ओळ पाहू.

जीएसटी : हा सरकारी कर आहे, तो भरावाच लागतो. सर्वसाधारण रेस्टॉरंटला दर ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजार रुपयांपेक्षा जास्त आहे, अशा ठरावीक हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. वरच्याच उदाहरणात ४,५०० रुपयांवर मग ८१० रुपये कर होतो. म्हणजे तेच पदार्थ रस्त्यावरच्या रेस्टॉरंटऐवजी पंचतारांकित हॉटेलात खाल्ले, तर नुसत्या करातच ५८५ रुपयांचा फरक पडतो.

राहाता-शिर्डीच्या वाचकांसाठी एक जास्तीची गोष्ट. अनेक छोटी हॉटेलं जीएसटीच्या ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. अशा हॉटेलांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असताना जीएसटीची ओळ दिसली, तर हरकत घ्या.

व्हॅट : मद्य जीएसटीत येत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे बिलात खाण्याचा आणि मद्याचा हिशेब वेगळा दिसला पाहिजे. मद्यावर जीएसटी लावला असेल तर ती चूक आहे.

सर्व्हिस चार्ज : हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही, रेस्टॉरंटकडे जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश असा :

• सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही.
• तो दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही.
• ग्राहकावर सक्ती करायची नाही. तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं.
• तो देत नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही.
• तो बिलात मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही.

रेस्टॉरंट संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि सूचनांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा एम. सिंह यांनी याचिका फेटाळून सूचना वैध ठरवल्या. संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्चही सोसायला सांगितला. त्या निकालाविरुद्ध संघटनांनी खंडपीठाकडे अपील केलं.

याचा अर्थ टीप देऊ नये, असा नाही. वाढप्याने नीट सांभाळून घेतलं, आईच्या पथ्यासाठी दोनदा आत जाऊन विचारून आला, तर त्याला जरूर द्या. फक्त ती रक्कम तुम्ही ठरवायची आणि शक्यतो त्याच्याच हातात द्यायची.

पाण्याची बाटली : बाटलीवर २० रुपये छापलेले आणि बिलात ८० कसे, हा नेहमीचा वाद. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीला छापील कमाल किमतीची अट लागू होत नाही, कारण तिथे नुसती विक्री नसते, सेवाही असते. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा बसल्या बसल्या ‘साधं पाणी द्या’ असं सांगा. बसताक्षणी टेबलावर आधीच ठेवलेली बाटली फोडण्यापूर्वी दर विचारा.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर?

पायऱ्या सोप्या आहेत.

१. मॅनेजरला शांतपणे सांगा : ‘हा ऐच्छिक आहे, बिलातून काढून द्या.’ बहुतेक वेळा सुधारित बिल इथेच मिळतं.

२. नाही मिळालं तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा तिच्या अॅपवर तक्रार नोंदवा.

३. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ऑनलाइन ‘ई-जागृती’ पोर्टलवर दाखल करता येते. दाव्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं.

यात एक तरतूद गावाकडच्या माणसाच्या विशेष कामाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे मुंबईच्या रेस्टॉरंटने चुकीचं बिल घेतलं, तरी राहात्याचा ग्राहक अहिल्यानगरच्या आयोगात दाद मागू शकतो. त्यासाठी मुंबईला खेपा घालायची गरज नाही.

थेट स्पेनलाच निघाला असाल तर?

२०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’नंतर मराठी घरांतही स्पेनची सहल चर्चेत आली. भारत आणि स्पेन यांनी २०२६ हे वर्ष संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं संयुक्त वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. तिकडे जाणाऱ्यांनी पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• तिथे हिरवा-तपकिरी ठिपका नाही. ‘सांडविच वेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये अनेकदा ट्यूना मासा आणि अंडं असतं.

• ‘कार्ने’ म्हणजे मांस. पण ‘कार्ने नको’ एवढंच म्हटल्यावर हामोन येऊ शकतो, कारण बोलीत तो वेगळा मोजला जातो. पूर्ण वाक्य वापरा : ‘नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि उएवो’. म्हणजे मांस, मासा, हामोन, अंडं यांतलं काही खात नाही.

• युरोपीय नियमांनुसार डिसेंबर २०१४ पासून १४ अॅलर्जी-घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात मासे, अंडी, दूध, कोळंबीसारखे प्राणी येतात. पण डुकराचं किंवा कोंबडीचं मांस या यादीत नाही. त्यामुळे हा तक्ता पाहून पदार्थ शाकाहारी आहे असं ठरवू नका.

• मेन्यूवरच्या किमतीत तिथला कर धरलेला असतो. टीपची सक्ती नाही. बाहेर अंगणात बसल्यास काही ठिकाणी दर जास्त असतो.

• २०२२ च्या कायद्यानुसार बार-रेस्टॉरंटनी नळाचं पाणी फुकट उपलब्ध करून द्यायचं आहे. ‘आग्वा देल ग्रिफो’ असं मागा.

जाण्याआधीची यादी

• बुकिंग करतानाच फोनवर विचारा : शाकाहारी पदार्थ किती आहेत, तळण वेगळं होतं का, सर्व्हिस चार्ज लावता का.

• रेस्टॉरंटचा मेन्यू आदल्या दिवशी मोबाइलवर आई-वडिलांसोबत बघा. काय चालेल, काय नाही हे घरीच ठरतं, टेबलावर त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

• जेवायची वेळ लवकरची ठेवा. गर्दी कमी असेल तर वाढपी नीट समजावून सांगतो.

• पहिल्या फेरीत पाच प्लेट, त्यात दोन ओळखीच्या चवीच्या. पालक-चणे आणि टोमॅटो-पाव ही सुरुवात बहुतेकांना रुचते.

• गुरुवार, एकादशी, चतुर्थी पाहूनच दिवस निवडा.

• पैसे देण्याआधी बिलाच्या चार ओळी वाचा : नग, दर, सर्व्हिस चार्ज, कर.

बिल वाचणं किंवा पदार्थात काय आहे हे तीनदा विचारणं यात कमीपणा नाही. शिर्डी रस्त्यावरच्या हॉटेलात आपण ‘भाजीत काय काय आहे?’ असं बिनधास्त विचारतो. वांद्र्याच्या रेस्टॉरंटमध्येही ग्राहकाचा तो हक्क तेवढाच आहे.